जांभ्याची जगाला ओळख करून देणारा डॉक्टर : फ्रान्सिस बुकानन



भूगोलात मृदांचे प्रकार शिकवताना जांभी मृदा आली की आपल्या जालना जिल्ह्यातली मुलं जरा अडतात. काळी माती त्यांच्या रोजच्या ओळखीची असते. पावसाळ्यात ती चपलेला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. मुरूम, चुनखडीचे खडे, बरड जमीन हे शब्दही घरात कानावर पडलेले असतात. पण जांभा बहुतेकांनी पाहिलेला नसतो. मग कोकण, लाल रंग, जास्त पाऊस, आंबा आणि काजू एवढे शब्द पाठ होतात आणि धडा पुढे सरकतो. कोकणातल्या मातीखालीही आपल्यासारखाच काळा खडक आहे, तरी वर निघालेली माती इतकी वेगळी कशी, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

हा प्रश्न वर्गात आणायला एका माणसाच्या चरित्राचा चांगला उपयोग होतो. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. हे नाव जगाला देणारा माणूस म्हणजे डॉ. फ्रान्सिस बुकानन. त्याच्या आयुष्याची ही गोष्ट सातवी ते दहावीच्या वर्गात सांगता येईल अशी लिहिली आहे.

थोडक्यात ओळख

• जन्म : १५ फेब्रुवारी १७६२, कॅलेंडर परिसर, स्कॉटलंड
• शिक्षण : वैद्यकीय पदवी, एडिंबरा विद्यापीठ (१७८३)
• नोकरी : ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत डॉक्टर (१७९४ पासून)
• मोठी कामं : म्हैसूर-कानडा-मलबारची पाहणी, नेपाळचा अभ्यास, बंगाल-बिहारची पाहणी, गंगेतल्या माशांवरचा ग्रंथ
• मृत्यू : १५ जून १८२९, स्कॉटलंड

शिक्षण आणि जहाजावरची वर्षं

फ्रान्सिसचे वडील थॉमस बुकानन हेही डॉक्टर होते. आई हॅमिल्टन घराण्यातली होती. फ्रान्सिस हा धाकट्या मुलांपैकी, म्हणजे वतन मोठ्या भावांकडे जाणार आणि याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागणार, हे ठरलेलंच होतं. त्याने एडिंबरा विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकलं. त्या काळात बरीचशी औषधं झाडपाल्यापासून बनत, त्यामुळे डॉक्टर होणाऱ्याला वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे. तिथे जॉन होप या नामवंत प्राध्यापकांकडून त्याला झाडं ओळखायची, नमुने जमवायची आणि नेमकं वर्णन लिहायची सवय लागली. पुढे आयुष्यभर त्याने रोग्यांपेक्षा या सवयीचीच जास्त सेवा केली असं म्हटलं तरी चालेल.

पदवीनंतर काही वर्षं त्याने आशियाकडे जाणाऱ्या जहाजांवर डॉक्टर म्हणून काम केलं. १७९४ मध्ये तो कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी मायकेल साइम्स यांच्या वकिलातीबरोबर ब्रह्मदेशात गेला. वकिलातीचं काम राजकारणाचं, पण हा डॉक्टर वाटेत झाडं गोळा करत होता. १७९८ मध्ये त्याला चितगावच्या डोंगराळ भागाची पाहणी करायला पाठवलं. तिथली शेती, माणसं, भाषा, जंगल असं सगळं त्याने टिपलं आणि नवा मुलूख पाहून त्याचा नीट अहवाल लिहिणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं.

१८०० : एका जिंकलेल्या मुलखाची पाहणी

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतान मारला गेला आणि म्हैसूरचं राज्य फुटलं. त्यातला बराच मुलूख कंपनीच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली आला. त्या वेळी लॉर्ड वेलस्ली हे गव्हर्नर जनरल होते. आपल्या मुलांना हे नाव सहज लक्षात राहील, कारण १८०३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली हा त्यांचा धाकटा भाऊ.

लॉर्ड वेलस्लींनी १८०० च्या सुरुवातीला बुकाननला हुकूम दिला. म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांतून फिरायचं आणि पिकं, जमीन, पाणी, गुरं, खाणी, कारागिरी, व्यापार, लोकांच्या चालीरीती अशी सगळी माहिती आणायची. आता ही निव्वळ ज्ञानाची हौस नव्हती, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. नव्या मुलखातून सारा किती मिळेल, कोणता माल विकता येईल, हे कंपनीला जाणून घ्यायचं होतं. बुकाननच्या वह्यांमध्ये शास्त्र आणि राज्यकारभार हे एकमेकांत मिसळलेले आहेत.

१८०० च्या एप्रिलमध्ये तो मद्रासहून निघाला आणि पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये परतला. सव्वा वर्षाची ही वाटचाल. रोज एक मुक्काम आणि रोज टिपण. गावात पोहोचलं की तो शेतकऱ्यांना बोलावून दुभाष्यामार्फत विचारत असे. कोणत्या जमिनीत काय पेरता, पाणी कधी देता, खत कोणतं घालता, पीक किती येतं. म्हैसूरच्या शेतकऱ्यांनी जमिनीचे जे प्रकार सांगितले ते त्याने त्यांच्याच नावांनी लिहून ठेवले. त्यातलं एक नाव एरे, म्हणजे काळी जमीन. आपल्याकडे आजोबा भारी, मध्यम, हलकी, बरड, चोपण अशी वर्गवारी सांगतात, तशीच ती कानडी वर्गवारी होती.

मलबारमधली खाण

१८०० साल संपत आलं होतं. फिरत फिरत बुकानन मलबारमध्ये, आजच्या केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या अंगाडिपुरम या गावी आला. तिथे लोक घरं बांधायला एक विचित्र दगड वापरत होते. दगड म्हणावा तर जमिनीतून काढताना तो मऊ असे, कुदळीने चौकोनी ठोकळे निघत आणि लगेच सुरीसारख्या हत्याराने त्यांना आकार देता येई. माती म्हणावी तर उघड्यावर हवा लागली की तोच ठोकळा विटेसारखा टणक होई. मग त्याच्यावर ऊन-पावसाचा फारसा परिणाम होत नसे. भारतात पाहिलेल्या कोणत्याही विटेपेक्षा हा दगड हवापाण्याला चांगला टिकतो, अशी नोंद बुकाननने केली. त्याला थर नाहीत, तो छिद्राछिद्रांचा आहे आणि त्यात लाल-पिवळ्या गेरूच्या रूपात भरपूर लोह आहे, हेही त्याने लिहिलं.

हे सगळं वर्णन वाचताना आपल्या लक्षात येतं की त्याने आधी खाणीतल्या माणसांचं काम पाहिलं. दगड केव्हा मऊ असतो, केव्हा कडक होतो, कापायची घाई का करायची, हे ज्ञान तिथल्या कामगारांच्या हातात कित्येक पिढ्यांपासून होतं. तिथले लोक त्याला विटेचा दगड अशा अर्थाच्या नावाने ओळखत. बुकाननने हे नावही टिपलं आणि त्याच अर्थाचा लॅटिन शब्द शोधला. लॅटिनमध्ये विटेला लेटर म्हणतात, त्यावरून त्याने लॅटराइट हे नाव सुचवलं. १८०७ मध्ये त्याच्या प्रवासाचा ग्रंथ लंडनमध्ये तीन खंडांत छापला गेला आणि हे नाव जगभर गेलं. नाव लॅटिन असलं तरी त्यातली कल्पना मलबारच्या खाणकामगारांची आहे. मुलांना हा भाग सांगताना घाई करू नये.

अंगाडिपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

बुकाननला न कळलेली गोष्ट

बुकाननने दगडाचं वर्णन केलं, नाव दिलं. पण हा दगड बनला कसा, हे त्याला माहीत नव्हतं. रसायनशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं. पुढच्या शंभरेक वर्षांत अनेकांनी यावर वाद घातला आणि हळूहळू उत्तर स्पष्ट झालं. ते आपल्या काळ्या खडकाच्या उदाहरणाने मुलांना सांगता येतं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यापासून बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण झाला. जालन्यातल्या विहिरीत दिसतो तो आणि सह्याद्रीच्या कड्यांत दिसतो तो, दोन्ही एकाच घराण्यातले. या खडकात सिलिका, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अशी द्रव्यं असतात.

पावसाचं पाणी हवेतला आणि जमिनीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी खडकात मुरतं आणि त्याची झीज करतं. सगळी द्रव्यं सारख्या वेगाने विरघळत नाहीत. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम लवकर निघून जातात. सिलिका सावकाश जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र जवळपास जागचे हलत नाहीत. चहाची पावडर पुन्हा पुन्हा उकळली की रंग आणि स्वाद निघून जातो, चोथा तेवढा राहतो. भरपूर पाऊस, उष्ण हवा, पाण्याचा चांगला निचरा आणि लाखो वर्षांचा काळ मिळाला, तर बेसाल्टचंही तसंच होतं. उरतो तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा लाल-पिवळा चोथा. तोच जांभा. ॲल्युमिनियमचं प्रमाण खूप वाढलं की त्याला बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यांवर ते सापडतं.

जमिनीखाली ओलसर असताना जांभा मऊ असतो. उघडा पडला की ओल जाते, लोहाची संयुगं घट्ट होऊन कणांना एकमेकांशी बांधतात आणि ठोकळा टणक होतो. कोकणात यालाच चिरा म्हणतात आणि जिथून तो निघतो ती चिरेखाण. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरं, कुंपणाचे गडगे, विहिरी याच चिऱ्यांच्या. जांभ्याच्या उघड्या सपाट माळांना तिथे सडा म्हणतात आणि रत्नागिरीतली प्राचीन कातळशिल्पं याच सड्यांवर कोरलेली आहेत. पाचगणीचं टेबललँड आणि साताऱ्याचं कास पठार यांच्या माथ्यावरही जांभ्याचं टोपण आहे. सहलीला तिकडे गेलात तर मुलांना पायाखालचा दगड जरूर दाखवा.

मग आपली माती काळी का?

जालन्याला वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त. आपल्याकडे खडक झिजतो, पण सुटलेली द्रव्यं धुऊन न्यायला पाणी पुरत नाही. कॅल्शियम मातीतच राहतं आणि चुनखडीच्या खड्यांच्या रूपात साचतं. सिलिकाही बरीच टिकते, त्यामुळे मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती तयार होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतातल्या भेगा त्याच्याच. जांभ्या जमिनीतली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट असते. ती एवढी फुगतही नाही आणि अन्नद्रव्यं धरूनही ठेवत नाही.

याचा परिणाम थेट पिकावर होतो. जांभ्या जमिनीत लोह भरपूर, पण कॅल्शियम, पोटॅश कमी, आणि घातलेला स्फुरद लोह-ॲल्युमिनियम पकडून ठेवतात. आपल्याकडे उलटा त्रास. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते पिकाला घेता येत नाही. मोसंबीच्या बागेत कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, त्याचं एक नेहमीचं कारण हेच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बागा असलेल्या घरची मुलं वर्गात आहेत. त्यांना हे उदाहरण लगेच पटतं.

इथे एक सावधगिरी. लाल माती म्हणजे आज तिथे जास्त पाऊस, असं सरसकट सांगू नये. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेलं बीदर हे जांभ्याच्या पठारावर वसलेलं आहे. तिथला आजचा पाऊस कोकणाच्या जवळपासही नाही. म्हणजे तो जांभा फार पूर्वीच्या, जास्त ओल्या हवामानात बनलेला आहे आणि आजपर्यंत टिकून आहे. बीदरला जुन्या काळी जांभ्यातून भुयारं खोदून पाणी आणलेलं आहे. जांभा पाणी मुरू देतो, खालचा बेसाल्ट ते अडवतो, हे ओळखून केलेलं ते काम.

पुढचं आयुष्य : मासे, चित्रं आणि गेलेलं श्रेय

म्हैसूरच्या पाहणीनंतर बुकानन १८०२-०३ मध्ये नेपाळला गेला. परतल्यावर तो लॉर्ड वेलस्लींचा डॉक्टर झाला आणि कलकत्त्याजवळ बराकपूरला प्राणी-पक्ष्यांच्या संग्रहाचं काम त्याने पाहिलं. १८०७ पासून सुमारे सात वर्षं त्याने बंगाल आणि बिहारची जिल्हावार पाहणी केली. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा, शहाबाद, गोरखपूर असे जिल्हे. लोकसंख्या, शेती, मजुरी, शाळा, देवळं, रोग, मासेमारी, सगळं त्यात आलं. १८१४ मध्ये तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला, पण तब्येत साथ देत नव्हती. पुढच्या वर्षी तो मायदेशी परतला.

निघताना एक कडवट प्रसंग घडला. वर्षानुवर्षं फिरताना त्याने देशी चित्रकारांकडून प्राणी-माशांची चित्रं काढून घेतली होती. ती बरोबर न्यायची त्याची इच्छा होती. ती कंपनीची मालमत्ता आहेत, असं तेव्हाच्या सरकारने ठरवलं आणि चित्रं कलकत्त्यातच ठेवून घेतली. तरी १८२२ मध्ये त्याने गंगेतल्या माशांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दोनशेहून जास्त जातींची वर्णनं आहेत. आपल्या तलावांत सोडले जाणारे रोहू, कटला आणि मृगळ यांच्या शास्त्रीय नावापुढे हॅमिल्टन असं लिहिलेलं असतं. तो हाच माणूस. आईकडची मालमत्ता मिळाल्यावर त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतलं होतं.

बंगालच्या पाहणीचे ढीगभर कागद त्याच्या हयातीत छापले गेले नाहीत. १८२९ मध्ये तो वारला. १८३८ मध्ये माँटगोमेरी मार्टिन यांनी ते काटछाट करून छापले, तेव्हा ग्रंथाच्या शीर्षकपानावर बुकाननचं नाव नव्हतं.

आता यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. चित्रं हातून गेली, कागदांवर दुसऱ्याचं नाव लागलं, म्हणून बुकाननवर अन्याय झाला असं आपल्याला वाटतं आणि ते रास्त आहे. पण ज्या शेतकऱ्यांनी त्याला जमिनीचे प्रकार सांगितले, ज्या कामगारांनी दगड कापून दाखवला, ज्या चित्रकारांनी मासे रंगवले, त्यांची नावं जगाला ठाऊक झाली नाहीत. वर्गात हा प्रश्न मुलांपुढे ठेवला तर नववी-दहावीची मुलं यावर भरपूर बोलतील. शोध कोणाचा, श्रेय कोणाचं, आणि माहिती देणाऱ्याचं नाव का लिहायचं, हे त्यातून निघतं. प्रकल्पाच्या वहीत माहिती देणाऱ्या आजी-आजोबांचं नाव लिहायला लावणं हा त्यावरचा साधा उपाय आहे.

वर्गात आणि घरी करता येण्याजोगे उपक्रम

१. मातीची नावं : प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाला विचारून आपल्या शिवारातल्या जमिनींची नावं, रंग, खोली आणि तिथे घेतलं जाणारं पीक लिहून आणावं. सांगणाऱ्याचं नाव, त्यांची परवानगी घेऊन, नोंदीत असावंच.

२. लिंबाची परीक्षा : शेतातले चुनखडीचे खडे धुऊन त्यावर लिंबाचा रस पिळा. बुडबुडे येतात. हे आपल्या मातीतून धुऊन न गेलेलं कॅल्शियम. सहलीतून जांभ्याचा तुकडा कोणी आणला असेल तर त्यावरही रस टाकून फरक पाहा.

३. मातीचे लाडू : काळी माती आणि मुरमाड माती भिजवून सारख्या आकाराचे लाडू वळा, सावलीत वाळवा आणि दोऱ्याने घेर मोजा. कोणता जास्त आकसला? भेगा कोणाला पडल्या?

४. गाळाची चौकशी : तलावातला गाळ शेतात टाकलेला असेल तर घरच्यांना विचारा, का टाकला? एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. बांध फुटला की ती एका पावसात वाहून जाते.

विचार करा, उत्तर लिहा

अ) एकाच खडकापासून जालन्यात काळी आणि कोकणात जांभी माती का झाली?
आ) जांभा खाणीतून काढल्याबरोबर का कापावा लागतो?
इ) बीदरच्या जांभ्यावरून तिथल्या प्राचीन हवामानाबद्दल काय सांगता येईल?
ई) कंपनीने बुकाननला पाहणीसाठी का पाठवलं असेल? त्या माहितीचा फायदा कोणाला झाला?

पालकांना एक विनंती. पहिला उपक्रम घरी आला की मुलाला घाईघाईत पुस्तकातली नावं लिहून देऊ नका. त्याला बांधावर न्या, ढेकूळ हातात द्या आणि तुमच्या वडिलांकडून ऐकलेला मातीचा शब्द सांगा. तो शब्द वहीत उतरला तर शाळेत आम्हाला त्यावर पुढे शिकवता येईल.